ठिकाण : राखून ठेवले आहे

हुयेच्या वनस्पतिसंग्रहात, खिडकीपाशी,
माझ्यापुढे दोन कागद.
एकावर मावेना म्हणून देठ तीनदा दुमडलेली पाणलिली,
दुसऱ्यावर, तेवढ्याच मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध,
कोटाच्या बटणाएवढी तीन पानं
आणि एक फूल, वाळून चहाच्या रंगाचं झालेलं.

कुळ : निम्फिएसी. दोघींचं.
प्रजाती : निम्फिया. दोघींची.
इथवर पेन न उचलता लिहिता येतं.
पुढे फांदी फुटते.

थोरली रात्रीची फुलते.
आढळ : नाईलच्या मुखापासून सेनेगलपर्यंत,
खाली मादागास्करच्या तळ्यांत,
जिथे पाणी थांबेल तिथे तिचं माहेर.
स्थिती : चिंता नसलेली.
(असं कुठल्या बाईबद्दल लिहिलेलं
मी अजून वाचलं नाही.)

धाकटी सकाळी उमलते, दुपारी मिटते.
आढळ : माश्यूझाचा एक गरम झरा.
झराही नव्हे;
त्यातून सांडलेलं, वाटेत निवत गेलेलं पाणी
जेवढा चिखल ओला ठेवील, तेवढंच.
बहिणींचं बी पाण्याखाली रुजतं,
हिच्या बीला वारा लागतो.
एका सतरंजीखाली झाकेल एवढा तिचा देश.

त्याच चिखलात उभी राहून माझी आई, स्पेसिओज,
चार घरांचं धुणं धुवायची.
लॅटिनमध्ये तिच्या नावाचा अर्थ देखणी.
कितीतरी फुलांच्या नावामागे हाच शब्द लागतो,
हे मला नोकरी लागल्यावर कळलं.
तिला सांगितलं तर म्हणाली,
"पाद्र्यानं ठेवलंय, त्यानं मला पाहिलं नव्हतं."

पाट वळवला तेव्हा ती तिथेच होती.
फावडं तिचं नव्हतं, हे ती दर वेळी सांगते,
मग थोडं थांबून,
"माती मी ओढली."
दोन महिन्यांत चिखलाला भेगा पडल्या.
धुणं दगडावर आलं, बायकांची कंबर सुटली.
दूरच्या शहरात, काचघरातल्या कुंड्या मोजून,
कुणीतरी लिहिलं : निसर्गातून नामशेष.

रविवारी मी तिला फॉर्म वाचून दाखवला.
कुळ ऐकलं, प्रजाती ऐकली,
"जाती" म्हटल्यावर तिनं ताट बाजूला सारलं.
आमच्या भाषेत फुलाच्या जातीला आणि माणसाच्या जातीला
एकच शब्द आहे, उब्वोको,
आणि तो एके काळी आमच्या कार्डांवर
फोटोशेजारी छापलेला असे.
रस्त्यात अडवून आधी तेवढंच वाचायचे.
"रिकामा ठेव तो."
आई, हे फुलाचं आहे.
"तेही कागदाचंच होतं."

मी काही बोलले नाही.
भांडी घासली. तिनं पुसली.

परवा परवा धाकटी पुन्हा सापडली,
जुन्या जागेपासून फार लांब नाही.
पेपरात आलं. कॅमेरे आले, गमबूट आले.
आई दारातून बघत म्हणाली,
"हरवली कुणाची होती?"

आता माझी पंचाईत.
नामशेष खोडायचं तर वर काय लिहायचं?
स्थिती मी पेन्सिलीनं लिहिली आहे, हलक्या हातानं.
जाती लिहिली आहे, शाईनं, कारण तेच माझं काम,
आणि आईला ते सांगितलेलं नाही.
ठिकाणाच्या रकान्यात लिहायचं नसतं :
परदेशातल्या एका बागेतून हिचं रोप
कुणीतरी उचलून नेलं होतं.
म्हणून शिक्का मारला : राखून ठेवले आहे.

तरी मी आईला विचारलंच, नक्की कुठे?
ती म्हणाली,
चप्पल काढ. झऱ्याकडून खाली चालत ये.
जिथे पाय भाजायचा थांबेल
आणि अजून गार पडलेला नसेल, तिथे उभी राहा.
खाली बघेपर्यंत
दुसरं पाऊल टेकवू नकोस.